चौथ्या ठाणाचा अर्धा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पुरता दरवाजाही नाही, अर्धाच. पागेतल्या चौथ्या ठाणाचा, म्हणजे घोडा ठेवायच्या कप्प्याचा, खालचा अर्धा. माझा वरचा भाऊ दिवसभर भिंतीला टेकून आराम करतो आणि मी घोड्याच्या छातीशी उभा राहून पहारा देतो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा उसासे टाकतात. मी टाकणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मला एका सुताराने घडवले. पाच जाड उभ्या फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या, एक तिरकी, आणि सगळ्यांच्या वर, घोड्याची मान जिथे टेकते तिथे, हाताच्या रुंदीची एक आडवी फळी. या सुताराची एक सवय होती. करवत हातात घेण्याआधी तो लाकडावरून अंगठा फिरवायचा, डोळे मिटून, सावकाश. पागेचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, त्याचे साडू. त्यांना सगळेच मामा म्हणत. ते म्हणायचे, "अरे, दार करतोयस की नाडी बघतोयस?" सुतार म्हणायचा, "नाडीच बघतोय. तुमच्यासारखा घाईने करायला गेलो, तर सासरेबुवा मलाही तुमच्याच पंगतीत बसवतील." दोघे हसायचे. त्या हसण्यातच माझ्या बिजागऱ्या बसल्या. माझी सुरुवात इतकी चांगली झाली होती, हे मुद्दाम सांगतो.

आमची पागा म्हणजे घोडेस्वारी शिकवणारी शाळा होती. बारा ठाणी, मध्ये फरसबंद अंगण. शाळा चालवणाऱ्यांना सगळे सर म्हणत. सरांना स्वच्छतेचे भारी वेड. अंगणात गवताची एक काडी उडालेली दिसली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. म्हणून घोड्यांना चारा सकाळी एक पेंढी आणि संध्याकाळी एक पेंढी, बस्स. बाकी पोट भरायला चंदी, म्हणजे भरडलेले धान्य, डब्याने मोजून. धान्याचा कचरा होत नाही ना. दोन ठाणांमधल्या भिंती छतापर्यंत चढवलेल्या होत्या, घोड्यांनी एकमेकांशी खोड्या करू नयेत म्हणून. आलेले पाहुणे म्हणत, काय सुंदर पागा आहे, अगदी आरशासारखी. सर स्वतःची पाठ थोपटून घेत. घोड्यांचे मत कोणी घेतले नव्हते.

माझ्यामागे पहिला आला तो एक पांढरा, उतारवयाचा घोडा. त्याला सगळे नाच्या म्हणत, कारण तो जागच्या जागी डोलायचा. डाव्या पायावरून उजव्या पायावर, मान इकडे, मान तिकडे, तासन्‌तास. शिकायला येणारी मुले माझ्यासमोर गर्दी करून टाळ्या वाजवायची. सर कौतुकाने म्हणायचे, "आमच्या नाच्याला गाणं लागत नाही, वाजंत्री लागत नाही. मर्जी आली की सुरू."

मित्रांनो, तो नाचत नव्हता. घोडा हा कळपात राहणारा आणि दिवसभर चालत चरणारा प्राणी. त्याचे पाय चालायला मागत होते आणि समोर मी होतो. शेजारच्या घोड्याचा वास येत होता, पण तोंड दिसत नव्हते. मग ते पाय जागच्या जागीच चालायचे. डोलून दमला की तो माझ्या वरच्या फळीवर वरचे दात रोवायचा, मान ताठ करायचा आणि ढेकरासारखा आवाज काढून हवा गिळायचा. फळी झिजत गेली. तीन वर्षे मी त्या टाळ्या ऐकल्या. मला हात असते तर मी कान झाकून घेतले असते.

एका दुपारी मैदानावर पाहुण्यांसमोर घोड्यांची कवायत होती. नाच्या त्या दिवशी डोलत नव्हता. तो वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होता. पुढच्या पायाने जमीन उकरत होता. वरचा ओठ उलटा करून मान वर ताणत होता. मामांनी ते पाहिले आणि सरांना गाठले. "सर, हा सारखा पोटाकडे बघतोय. मला बरं लक्षण वाटत नाही."

"काम दिसलं की ह्याचं पोट दुखतं," सर म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी पोरांचं दुखतं तसं. चार फेऱ्या मारा, नाटक आपोआप थांबेल."

मामांनी घोड्याला फेऱ्या मारायला नेले. संध्याकाळी तो पेंढ्यावर पडला तो उठलाच नाही. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. सर रडले. खरेच रडले, मी पाहिले आहे. पण डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पहिले काम काय केले असेल? माझी कुरतडलेली वरची फळी बदलून घेतली. घोडा का गेला हे शोधायला कोणाला वेळ नव्हता. फळी वाईट दिसते एवढे मात्र सगळ्यांना दिसत होते.

मग आली ती तपकिरी घोडी. कपाळावर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका, म्हणून तिला ठिपकी म्हणत. पहिल्या महिन्यात ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या खिशात नाक खुपसायची. मामांची टोपी तिने किती वेळा पळवली याला गणती नाही. तिचे कान सदा पुढे, जसे काही जगात रोज काहीतरी नवीनच घडत आहे. मला वाटले, चला, हिचे तरी बरे होईल.

मी तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असे. त्यामुळे जे बदलले ते मला सर्वांत आधी दिसले. आधी कान गेले. मागे कोणी नसतानाही ते बाजूला पडून ताठ राहू लागले. मग डोळ्यांच्या वरचा भाग आवळला गेला, पापणीला कोन आला. नाकपुड्या आखडल्या. हनुवटी दगडासारखी घट्ट. चंदी खाऊन झाली की ती दात करकरा वाजवायची आणि लगेच माझी फळी धरायची. खोगीर ठेवायच्या खोलीचे दार वाजले, की पुन्हा धरायची. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला कोणी पोटाखाली हात घातला, की मान फिरवून दात दाखवायची. आणि मोकळ्या वेळी ठाणाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी. टोपी पळवणारी घोडी भिंतीकडे बघत उभी राहते, आणि कोणाच्या मनात पाल चुकचुकत नाही. ती भराभर बोलत होती, मित्रांनो. घोड्याला जेवढे बोलता येते तेवढे सगळे बोलून झाले होते.

आणि माणसांनी काय ऐकले? सर म्हणाले, नखरेल आहे. शिकायला येणाऱ्यांनी म्हटले, तिरसट आहे. मामांनी म्हटले, खोड लागली आहे, मोडून काढू. मग खोड मोडण्याचे सगळे प्रयोग झाले ते माझ्यावर.

पहिला प्रयोग मामांच्या लेपाचा. तिखट, कडू पाला आणि आणखी कायकाय वाटून त्यांनी तो माझ्या फळीवर थापला. "हा लेप लावला की वाघसुद्धा दार सोडेल," ते सगळ्यांना सांगत फिरले. ठिपकीने पहिल्या घासाला मान झटकली, डोळ्यांतून पाणी काढले आणि पुन्हा फळी धरली. एवढे झोंबत असूनही जी धरते, तिला आत त्याहून जास्त झोंबत असेल, हे कळायला काही विद्वान असावे लागत नाही. मग फळीवर पत्रा ठोकला. दात पत्र्यावर घासल्याचा तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मग तिच्या गळ्यात एक पट्टा आवळला, हवा गिळताच टोचेल असा. दुखते म्हणून ती जे करत होती, त्याचीच शिक्षा म्हणून आणखी दुखवायचे.

एवढ्यावर भागले नाही. एके दिवशी सर लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि त्यांनी माझ्या छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'सावधान, चावते.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात माझ्यावर एकदाच काही लिहिले गेले, आणि तेही धडधडीत अर्धवट. चावते हे लिहिले. का चावते, ते लिहायला जागा पुष्कळ होती.

मग व्हायचे ते झाले. एका सकाळी सर घाईघाईने तंग ओढत असताना ठिपकीने वळून त्यांचा दंड पकडला. जाकीट होते म्हणून निभावले, तरी काळानिळा वळ उठला. सरांनी तिथल्या तिथे घोडे विकत घेणाऱ्याला फोन लावला. शनिवारी दुपारी गाडी येणार असे ठरले. मामा फरशी झाडत होते, ते थांबले. त्या गाडीतून गेलेला एकही घोडा पुन्हा कुठे दिसल्याचे त्यांना माहीत नव्हते आणि चावरी म्हणून नाव झालेल्या घोडीला स्वारीसाठी कोण घेणार, हे पागेतल्या सगळ्यांनाच माहीत होते.

"आणि हा दरवाजा," सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शनिवारच्या आत नवाकोरा करून घ्या. रविवारी नवा घोडा येतोय. त्याला हे असलं खाल्लेलं दार नको."

मंगळवारी सुतार आला आणि त्याने मला बिजागऱ्यांवरून उतरवले. ठाण उघडे पडले. नुसत्या दोरीने ठिपकीला अडवणे शक्य नव्हते, म्हणून मामांनी तिला पागेमागच्या कुंपणात सोडले. तिथे काम सुटलेले दोन म्हातारे घोडे मोकळे असत आणि गवताचा भारा दिवसभर पडलेला असे, कारण तिकडे पाहुणे जात नसत. पट्टा कुंपणात अडकून गळा आवळेल, या भीतीने मामांनी तोही काढून ठेवला.

सुताराच्या कारखान्यात मी फळ्या टेकवायच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा पडलो होतो. त्याने पत्रा उचकटला, लेपाची खपली खरवडली आणि सवयीप्रमाणे अंगठा फिरवला. अंगठा डाव्या टोकाशी येऊन थांबला. मागे आला. पुन्हा गेला. मग त्याने वर भिंतीकडे बघितले. लाकूड चिकटवायच्या सरसाचे डबे ठेवायला त्याने तिथे एक फळी ठोकली होती. सुतार लाकूड टाकून देत नाहीत. ती माझीच जुनी फळी होती, नाच्याने खाल्लेली.

त्याने डबे उतरवले, फळी काढली, पुसली आणि माझ्या अंगावर, ठिपकीने खाल्लेल्या फळीला लागून ठेवली. दोन्ही फळ्यांवर डाव्या टोकाला, खोगीराच्या खोलीकडच्या बाजूला, खोल खळगा. त्याने पेन्सिलने मापे घेतली. जागा तीच, रुंदी तीच. बोटभर फरक नाही. तो खाली स्टुलावर बसला आणि दोन्ही खळग्यांवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिला.

त्याची बायको जेवायला बोलवायला आली. "लाकडाशी भांडण झालंय का?"

"दोन घोडे," तो म्हणाला. "एक मेला. दुसरी शनिवारी जाणार. तुझ्या बहिणीचा नवरा सांगतो, घोडीला खोड आहे. मग आधीच्यालाही नेमकी हीच कशी, इथंच कशी?"

तिने दोन्ही फळ्यांकडे पाहिले. "सुना बदलल्या तरी घरात भांडण तेच होत असेल, तर सुनांना काय नावं ठेवायची? घर बघावं लागतं. चला, जेवण निवतंय."

शुक्रवारी सकाळी सुताराने हातगाडीवर मला घातले, वर ती जुनी फळी ठेवली आणि पागेत आला. मला भिंतीला टेकवून ठेवले, पण हत्यारांची पेटी उघडलीच नाही. सर आले. "चला, बसवून टाका."

"बसवतो. आधी घोड्यांच्या डॉक्टरांना बोलवा."

"तुम्हाला दार दुरुस्त करायला बोलावलंय, घोडी नाही."

"दारच दुरुस्त करतोय, सर." त्याने जुनी फळी माझ्यावर धरली. "ही तुमच्या नाच्याने खाल्लेली. ही ठिपकीने. जागा बघा. आज मी तिसरी फळी ठोकीन, ती तुमचा रविवारचा घोडा खाईल. मला काम मिळेल, माझं काय जातंय? पण असलं काम मला करायचं नाही. डॉक्टर येऊन ह्या ठाणाला आणि त्या घोडीला बघत नाहीत तोवर हे दार बसणार नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. "दुसरा सुतार नाही का मिळणार?"

तेव्हा मामा पुढे आले. हातातला घोडा घासायचा खराराही त्यांनी खाली ठेवला नव्हता. "सर, चार दिवस ती मागे मोकळी आहे. चार दिवसांत तिने कुंपण दोनदा धरलं. दोनदाच. इथं दिवसाला मोजता यायचं नाही. आज सकाळी तिने माझी टोपी ओढली." त्यांनी खरारा खाली ठेवला. "नाच्या पोटाकडे बघतोय, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात फिरवा, मी फिरवलं. ती चूक आपली निम्मी निम्मी. ह्या घोडीच्या तोंडाला तिखट मात्र मी एकट्याने लावलंय. उद्या गाडी आली तर तिला गाडीत चढवायला मी हात लावणार नाही."

 सरांनी अखेर फोन काढला, मनातून नव्हे, दोन साडू वाट अडवून उभे होते म्हणून.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी आधी ठिपकीला हात लावला नाही. कुंपणाबाहेर उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या, मग पागेत, माझ्याकडे आल्या. पत्र्याच्या खिळ्यांची भोके बघितली, लाल अक्षरे वाचली आणि वहीत लिहिले. मामांनी ठिपकीला अंगणात आणले, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून बोटे दाबत नेली. खोगीर टेकते त्या जागी कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे पडले.

"इथे तुम्ही दाबून बघा," त्या सरांना म्हणाल्या.

सरांनी दाबले. ठिपकी पुन्हा तशीच खचली. सरांनी हात काढून घेतला.

"खोगीर अरुंद पडतंय. आणि पोटात व्रण असावेत असं मला वाटतं. उद्या सकाळी उपाशी पोटी कॅमेऱ्याची नळी घालून बघते."

"उद्या दुपारी गाडी..."

"गाडी थांबेल," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी ठिपकीला गुंगीचे औषध दिले आणि नाकातून नळी पोटात गेली. सर छोट्या पडद्यासमोर उभे होते. मी भिंतीला टेकून समोरच होतो. पडद्यावर लालभडक, सोललेल्या जागा दिसल्या. एक नाही, कितीतरी. डॉक्टरीणबाई शांत आवाजात सांगत होत्या. "घोड्याच्या पोटात आम्ल दिवसभर पाझरत असतं, खाल्लं तरी आणि नाही तरी. तो चारा चघळतो तेव्हा लाळ सुटते, ती आम्ल सौम्य करते. तुम्ही चारा दोनदा देता. मधले सगळे तास हे आम्ल पोटाच्या ह्या अस्तरावर. वरून धान्य. वरून एकटं कोंडणं. सगळ्याच घोड्यांच्या फळी धरण्यामागे व्रण असतात असं नाही. पण कारण शोधायचं सोडून दाराला पत्रा ठोकणं, हा काही इलाज नाही."

तेवढ्यात फाटकाबाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. वेळेआधीच आला होता. त्याने पुन्हा वाजवला. सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मामा, त्याला जायला सांगा."

मामा धावले. मामांना धावताना मी प्रथमच पाहिले.

"नाच्यालाही हेच असेल का?" सरांनी विचारले.

"आता कसं सांगू?" डॉक्टरीणबाई नळी गुंडाळत म्हणाल्या. "तेव्हा बघायला हवं होतं."

मित्रांनो, त्यानंतर बरेच बदलले. ठिपकीला महिनाभर औषध चालले. चाऱ्याचा भारा आता दिवसभर समोर असतो आणि अंगणात काड्या उडतात, त्या उडू देतात. सुताराने ठाणांमधल्या भिंती कापून जाळ्या बसवल्या, शेजाऱ्याचे तोंड दिसते. खोगीर बदलले. सरांनी स्वतः लोखंडी पत्री घेऊन माझ्या छातीवरची अक्षरे खरवडली. म्हणून मी त्यांना माफ केले, असे समजू नका. उन्हात तिरके बघितले की 'सावधान' अजून वाचता येते, आणि ते माझ्यापुरते तसेच राहावे असे मला वाटते.

ठिपकी अजूनही कधीकधी माझी फळी धरते. दुखणे गेले तरी लागलेली सवय पुरती जाईलच असे नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते. आता तिला कोणी ओरडत नाही. सुताराने फळीला ना पत्रा लावला ना रंग. "धरू दे," तो म्हणाला, "फळ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत." नाच्याची जुनी फळी त्याने पागेच्या दाराशी, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठोकली आहे. सरसाचे डबे आता खाली जमिनीवर असतात.

पण माझा सगळ्यात मोठा राग अजून सांगायचा राहिला आहे. तो माझ्यावरच आहे. मी इतकी वर्षे समजत होतो की मी फक्त साक्षीदार आहे. चार दिवस मी तिथे नव्हतो, आणि त्या चार दिवसांतच घोडीचे कान पुढे आले. मजबूत बसवलेला दरवाजा म्हणून माझे कौतुक होत होते, तेव्हा कोणाला तरी माझ्या मजबुतीची शिक्षा होत होती. म्हणून सुताराने मला परत बसवताना भिंतीत एक आकडा ठोकला, तेव्हा मी बिजागरीतून कुरकूरही केली नाही. बहुतेक दिवस मी त्या आकड्याला अडकवलेला, सताड उघडा असतो, आणि ठिपकी पागेमागे त्या दोन म्हाताऱ्या घोड्यांच्या मध्ये चरत असते.

तुम्हीही कधी एखाद्या पागेत जाल. तिथे एखादा घोडा दरवाजाशी उभा राहून लयीत डोलताना दिसेल, बघायला गंमत वाटेल. तेव्हा एवढेच करा. हात खिशात ठेवा, टाळ्या वाजवू नका, आणि त्याचे दार शेवटचे कधी उघडले होते, ते तिथल्या मोठ्या माणसांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.